जाळीत काय ओतताय, ते आम्ही लिहून ठेवतोय

लक्ष्मीबाई नगरातल्या तळमजल्यावाल्यांना, दुरुस्तीची कामं घेणाऱ्या ठेकेदारांना आणि खास करून आपल्या मराठी घरांना हे शेवटचं सांगणं आहे. हिंदीतली प्रत फलकावर लागेलच. मराठीत वेगळी लिहिली, कारण "अहो, आम्हाला नीट कळलंच नव्हतं" हे पुन्हा ऐकून घ्यायची तयारी नाही.

मुदत आजपासून 30 दिवस.

मागचं अंगण झाकून ज्यांनी तिथे मोरी काढली आणि तिचा पाइप पावसाच्या नालीत सोडला, त्यांनी तो काढून सीवरला जोडायचा. कुणाची मोरी कुठे जोडलेली आहे हे ओळखायला इंजिनियर लागत नाही. मे महिन्यात, आठवडाभर थेंब पडलेला नसताना, पावसाच्या नालीत कोमट पाणी आणि डाळीचा फेस वाहतोय. हा कुठला पाऊस?

ही नाली जिथे पुनर्भरणाच्या खड्ड्याला जोडलेली असते, तिथे प्रकरण गंभीर होतं. खड्ड्यात वाळू-खडीचे थर असतात आणि खाली बोअर. ते थर पाला अडवतात, गाळ अडवतात. साबण, तेल, विष्ठेतले जंतू यांना अडवायला ते बनवलेलेच नाहीत. ते सगळं बोअरमधून थेट भूजलात उतरतं. जमिनीत मुरताना माती पाणी जेवढं गाळते, तेवढंही इथे गाळलं जात नाही. म्हणजे पाणी वाचवण्यासाठी खणलेल्या भोकातून आपण पाताळात गटार सोडतो. द्वारकेतल्या सोसायट्यांमधल्या अशाच खड्ड्यांमुळे भूजल नासल्याचं प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलं. तिथली माणसंही शिकलेलीच होती.

खड्ड्यात न गेलेलं पाणी पुढे कुठे जातं? ज्या दिल्ली हाटात आपण पाहुण्यांना हौसेने फिरवतो, तो 1994 साली उभा राहिला तोच झाकलेल्या नाल्यावर. या भागातलं पाणी बारापुला खोऱ्यातून यमुनेला मिळतं. वजिराबाद ते ओखला हा 22 किलोमीटरचा पट्टा यमुनेच्या लांबीच्या जेमतेम 2 टक्के, पण नदीच्या प्रदूषणाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भार इथलाच. छठच्या सुमारास फेसाचे फोटो फॉरवर्ड करताना त्यातला आपला वाटा विसरू नका.

ठेकेदारांसाठी वेगळं. परवा सकाळी पावणेसातला एका टेम्पोवाल्याने सिमेंट कालवलेली घमेली आमच्या कोपऱ्यावरच्या जाळीवर धुतली. दुपारपर्यंत जाळीच्या निम्म्या फटी दगडासारख्या बंद. पोराने सळईने खरवडून पाहिलं, निघालं नाही. जुलैत तिथे गुडघाभर पाणी साचणार आणि मग सगळे मिळून पालिकेला शिव्या देणार. टेम्पोचा नंबर आणि वेळ वहीत आहे. न्यायाधिकरणाने 13 जानेवारी 2015 च्या यमुना निकालात नदीत मलबा टाकणाऱ्याला 50,000 रुपये आणि पूजासाहित्य टाकणाऱ्याला 5,000 रुपये भरपाई लावली. निर्माल्याच्या पिशव्या पुलावरून भिरकावणाऱ्या आपल्या भाविकांनी दुसरा आकडा लक्षात ठेवावा.

ज्या कार्यालयाकडे देखभाल आहे, त्यांनाही हीच मुदत. आमच्या दोन तक्रारी "निराकरण झाले" म्हणून बंद झाल्या; माणूस एकदाही आला नाही. तिसरी तक्रार करणार नाही. त्याऐवजी दर रविवारी आठ वाजता आम्ही काही घरं नाल्यांची फेरी मारतो, त्यात तुमचा एक कनिष्ठ अभियंता पाठवा. नकाशा तुमच्याकडे आहे, डोळे आमचे. एवढीच भागीदारी मागतोय.

"आमची तर मार्चमध्ये बदली आहे" हे रहिवाशांचं कारण चालणार नाही. हिवरे बाजार गावच्या ग्रामसभेने भूजल वाचवायला शेतीसाठी बोअर बंद केले, पावसाचा हिशोब मांडून पिकं ठरवली. ती माणसं जमिनीची मालक होती, आपण क्वार्टरमध्ये राहणारी, हे खरं. पण पाणी पिताना कुणी अलॉटमेंटचं पत्र बघत नाही.

पाइप बदलायचा खर्च ज्यांना जड जाईल त्यांनी निःसंकोच सांगावं, वर्गणी काढू. त्यांचं नाव कुठेही येणार नाही. लपवणाऱ्याचं मात्र येईल.

मुदत पाळली नाही तर पुढची पायरी न्यायाधिकरण. कायद्याने घटना घडल्यापासून 6 महिन्यांत तिथे अर्ज करावा लागतो. नालीचा आमचा पहिला फोटो दोन महिन्यांपूर्वीचा आहे. तुमचे 30 दिवस धरूनही आमच्या हातात पुरेसे दिवस उरतात. अर्ज स्वतः करता येतो, वकील सक्तीचा नाही, भरपाई मागितली नाही तर फी 1,000 रुपये. ती जमली आहे. मंडी हाउसला उतरलं की न्यायाधिकरणाचं फरिदकोट हाउस चालत जाण्याइतकं जवळ. अर्ज टाइप झालाय, तारखेची जागा तेवढी रिकामी आहे.