डॉक्टरांना न दिसणारे दुपारचे चार



११ एप्रिलच्या जागतिक पार्किन्सन्स दिनाला कंपवाताबद्दल पुष्कळ छापून येते. घरी ठेवायच्या नोंदींबद्दल मात्र क्वचितच.

डोंबिवलीहून ठाण्याला न्यूरोलॉजिस्टकडे निघताना माझ्या यजमानांना गोळी द्यावीच लागते, नाहीतर लोकलमध्ये चढणे अशक्य. साहजिकच तपासणीच्या वेळी ती गोळी ऐन भरात असते. हे ताठ चालत आत जातात, शर्टाचे बटण लावून दाखवतात. तेच रोज चार वाजता न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय खिळल्यासारखे उभे असतात. आम्ही सांगायचो काय, तर ‘कधी बरे, कधी वाईट’.

शेवटी शंभरपानी वही घेतली. तीन दिवस, दर अर्ध्या तासाला एक अक्षर: ‘चा’ म्हणजे गोळीचा असर चालू, ‘बं’ म्हणजे बंद, ‘व’ म्हणजे अंगाची वळवळ, ‘झो’ म्हणजे झोप. शेजारी गोळीची आणि जेवणाची वेळ. सकाळची गोळी पाऊण तासात लागू पडत होती, पण वरण-उसळीच्या जेवणावर घेतलेली दुपारची चार वाजले तरी नाही. प्रथिने आणि गोळीतले लेवोडोपा आतड्यातून एकाच वाटेने शोषली जातात, तिथे गोळी मागे पडते. वही पाहून डॉक्टरांनी दुपारची गोळी जेवणाआधी तासभर घ्यायला सांगितली. मात्रा तीच राहिली आणि आता चारला हे बहुतेक दिवशी आपले आपण उंबरा ओलांडतात.

लिहीत बसले की रुग्ण आजारातच गुंततो, असे काहींना वाटते. पण भेटीआधीचे दोन-तीन दिवस पुरतात. नव्या औषधांच्या चाचण्यांतही रुग्णांनी घरी भरलेले अर्ध्या-अर्ध्या तासाचे तक्ते पाहिले जातात. शिवाय नुसते ‘हात हलतात’ म्हणून भागत नाही. गोळी उतरल्यावरची थरथर वेगळी, गोळी भरात असतानाची वळवळ वेगळी, आणि दोन्हींवरचे उपाय बरेचदा उलटे. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण दाखवले तर डॉक्टरांना फरक कळतो. मात्रा आपल्या मनाने बदलायची नाही, हे आलेच.

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि खासगी दवाखाने, सर्वांनी केसपेपरसोबत असा मराठी तक्ता द्यावा. एका कागदाचा खर्च तो किती! संपादकांनीही एकदा कोरा तक्ता अंकात छापावा; तो कापून वहीत चिकटवणारी घरे या पट्ट्यात पुष्कळ आहेत.

– एका रुग्णाची पत्नी, डोंबिवली (पूर्व)