दुधी पिकवला कोणी?

या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची पाळी आहे. अकराच्या पुढं थ्री फेज येते, म्हणजे आली तर येते. कांद्याची चिंबवणी-आंबवणी झाली, आता हे तिसरं पाणी. एक वाफा भरायला दहा-बारा मिनिटं लागतात. दारं मोडायचं, बांधावर बसायचं, मोबाईल काढायचा, वाफा भरला की परत उठायचं. शेजारी उसाचं रान आहे म्हणून आवाज मोठा ठेवतो. बिबट्याला कळावं इथं माणूस आहे. करमणूक आणि संरक्षण एकाच रिचार्जमध्ये.

अशा वाफ्या-वाफ्यानं मी ‘पंचायत’चे चारही सीझन पाहिलेत. मालिका चांगली आहे हे आधीच सांगतो, नाहीतर खाली भांडणं लागतील. माणसं खरी वाटतात. प्रधानजी, विकास, प्रल्हाद, असे आपल्या पारावर पण बसलेले असतात. पण शेतकऱ्याच्या डोळ्याला एक गोष्ट खुपते. या मालिकेत दुधी भोपळ्याला, त्यांच्या लौकीला, केवढा मान! सचिवजी आला की त्याच्या हातात लौकी. 2025 च्या जूनमध्ये आलेल्या चौथ्या सीझनमध्ये तर मंजू देवीचं निवडणूक चिन्हच लौकी, आणि समोर क्रांती देवीचा प्रेशर कुकर. गावभर लौकी नाचवली. शेवटी कुकर जिंकला. दुधीचं बाजारात होतं तेच निवडणुकीत झालं म्हणायचं.

पण हा दुधी पिकवला कोणी? मांडवावर होता का जमिनीवर? फळमाशी लागली होती का? किलोला काय मिळाले? चार सीझनमध्ये रस्ता आला, शौचालय आलं, सीसीटीव्ही आला, आमदार आला. पिकाच्या भावावरून कुणाची झोप उडालेली मी तरी पाहिली नाही. गोष्ट उत्तर प्रदेशातल्या बलियाची, पण शूटिंग मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात झालंय. सीहोर म्हणजे शरबती गव्हाचा मुलूख. कृषीवाल्या मित्रांना सांगायला नको. एवढ्या नामांकित गव्हाच्या पट्ट्यात कॅमेरा इतकी वर्षं फिरला, आणि गहू मागं नुसता हिरवा पडदा म्हणून उभा राहिला.

माझं भांडण एकट्या ‘पंचायत’शी नाही. पडद्यावर गाव दिसतं, शेत दिसतं, शेतकरीसुद्धा दिसतो. त्याचं काम दिसत नाही. त्याचा विचार तर नाहीच नाही.

आई रात्री आठला टीव्हीसमोर बसते. दिवसभर खुरपून आलेली असते, पाठ टेकवायची म्हणून बसते. समोर कुठली ना कुठली गावाकडची मालिका. वाडा, शंभर एकर बागायत, सासूच्या अंगावर पावशेर सोनं. शेत कशासाठी? तर नायिकेला पळवून न्यायला, नाहीतर गाणं म्हणायला. परवा आई म्हणली, “ह्यांच्यात गोठा कोण झाडतं रं?” मी हसलो. ती हसली नव्हती, खरंच विचारत होती. एवढ्या भागांत एका सुनेच्या नखात माती दिसली नाही तिला.

लोक म्हणतात, जाऊ दे ना, करमणूक आहे ती, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. नेमकं इथंच माझं पटत नाही. आमचा पुतण्या बीएस्सी ॲग्री आहे. तीन एकर डाळिंब, हिशोबाची वही ठेवतो, माती तपासल्याशिवाय खताला हात लावत नाही. मागच्या महिन्यात पाहुण्यांकडं गेलो. पोरीच्या मामानं विचारलं, मुलगा काय करतो? म्हणलं, शेती. मामा म्हणले, “ते झालं. पण करतो काय?” पोरीची आई मात्र सरळ बोलली. शेतकऱ्याचं बघतो ना आम्ही टीव्हीत, पिक्चरमध्ये, म्हणली. पोरीला रडायला कशाला पाठवू? या बाईंचं माहेर गावातलंच, पण लग्नानंतरची पंचवीस वर्षं शहरात गेली. शेताची आठवण पुसट झालीय आणि त्या जागी पिक्चर बसलाय.

पोरीनं नकार दिला म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही. रात्रीचं पाणी, शेणघाण, बेभरवशाचा भाव, सासरी खर्चाला हातात पैसा नाही, ही कारणं खरी आहेत, मी तिच्या जागी असतो तर मलाही पडली असती. पण तिनं वही बघून नकार द्यायला पाहिजे होता. पिक्चर बघून नाही.

याच विषयावर 26 जानेवारी 2024 ला ‘नवरदेव बीएस्सी ॲग्री’ नावाचा सिनेमा आला होता. शेतीचं शिकलेला, शेतीच करणारा पोरगा आणि त्याचं जमेना लग्न. विषय घेतला, बरं केलं. पण आमच्याकडं तेव्हापासून पुतण्याला सगळे ‘नवरदेव’ म्हणूनच हाक मारतात. त्याच्या डाळिंबाबद्दल कुणी विचारत नाही.

विनोदी नसेल तर मग फास. मराठीत शेतकऱ्यावर गंभीर सिनेमा म्हणलं की दोर, बाटली, रडणारी बाई. अपवाद आहेत. 2009 चा ‘गाभ्रीचा पाऊस’ मी आधी रागानं पाहिला, पुन्हा एकदा पाहिला तेव्हा गप्प झालो. नवरा जिवाचं काही करून घेईल या धास्तीनं बायको पोराला त्याच्या मागं मागं पाठवते. तो बिचारा पावसाची वाट बघतोय, पेरणीच्या चिंतेत आहे, आणि घरचे त्याच्यावर पहारा ठेवतायत. त्यात माणूस आहे, त्याची खटपट आहे. ‘टिंग्या’त बैलाचं दुखणं आणि घरचा खर्च एकाच तराजूत टाकलाय, तेही खरंच. आणि ‘पीपली लाइव्ह’नं तर 2010 सालीच, शेतकऱ्याच्या मरणावर टपलेल्या कॅमेऱ्यांची खिल्ली उडवली होती. तरी कॅमेरे सुधारले नाहीत. मेलेल्या शेतकऱ्याला पुरस्कार मिळतो, जगणारा कुणाला नको.

शेतीत दाखवण्यासारखं असतं काय, असं एका शूटिंगवाल्यानं मला तोंडावर विचारलं होतं. आमच्या विहिरीवर गाण्याचं शूट करायला आलेला. हिरवळ चांगली आहे म्हणला. हिरवळ! सोयाबीनवर पिवळा मोझॅक होता तेव्हा, अर्धं रान पिवळं पडलेलं. तो म्हणतो, रंग छान आलाय.

दाखवण्यासारखं काय ते सांगतो. बाजार समितीतला कांद्याचा लिलाव दाखवा. पहाटेपासून ट्रॉल्या रांगेत. शेतकरी गाडीच्या पुढं उभा. व्यापाऱ्यांचा घोळका येतो, एकजण चार कांदे उचलतो, एक फोडून बघतो, बोली सुरू होते. दोन मिनिटं, कधी त्याहून कमी. पेरलेल्या रोपापासून धरलं तर पाच महिन्यांचा निकाल त्या दोन मिनिटांत. माणूस तोंडानं काही बोलत नाही, नुसता बोलणाऱ्याच्या ओठांकडं बघतो. भाव पटला नाही तर गाडी परत न्यायची का? डिझेलचं काय? चाळीत ठेवला तर सड किती निघेल? एवढे सगळे हिशोब त्या दोन मिनिटांत डोक्यात फिरतात. क्रिकेटच्या शेवटच्या ओव्हरला देश श्वास धरून बसतो म्हणता, मग इथं येऊन उभं राहा एकदा. किंवा द्राक्ष फुलोऱ्यात असताना अवकाळी येतो त्या रात्रीचं बघा. पाऊस उघडायची वाट बघत बाप-लेक ब्लोअर जोडून पडवीत बसलेत, आता फवारायचं का थांबायचं यावर दोघांचं जुंपलंय. यापेक्षा वेगळा सस्पेन्स काय असतो?

आणि हे होत नाही असंही नाही. 1976 साली श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ आला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, आणि त्यात स्मिता पाटील. पैसे कोणी दिले? गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी, प्रत्येकी दोन रुपये. विषय काय? तर दुधाचा भाव, खासगी डेअरीवाल्याची लूट, सोसायटीची निवडणूक आणि गावातली जात. माणसं गावोगावहून गाड्या भरून बघायला गेली, कारण सिनेमा त्यांचाच होता. तोच सिनेमा 2024 ला दुरुस्त करून फ्रान्समध्ये कानच्या महोत्सवात दाखवला. आपली एक दूध सोसायटी आहे, वार्षिक सभेत वडापाव आणि भांडणं होतात. तिथं रोज सकाळी फॅट लागते तेव्हा रांगेतली तोंडं बघा, गोष्ट आयती पडलीय.

बरं, आपण तरी कुठं धुतल्या तांदळाचे आहोत? ‘सैराट’मध्ये आर्ची ट्रॅक्टर चालवत आली तेव्हा आमच्या तालुक्याच्या थेटरात शिट्ट्या पडल्या होत्या. शिट्ट्या मारणाऱ्यांत मीही होतो. घरी आल्यावर ट्रॅक्टरची चावी किती जणांनी लेकीच्या हातात दिली? माझ्या लेकीनं मागितली तेव्हा मी “आधी दहावी होऊ दे” म्हणलो. आता तिची बारावी झालीय. चावी माझ्याच खिशात आहे.

आणि सगळ्यात घातक करमणूक सध्या आपणच एकमेकांना पाठवतोय. ती ‘एकरी दहा लाख’वाली रील. पांढरा शर्ट, गॉगल, ड्रोनचा शॉट, मागं ढोलकी. तीस सेकंदांत लागवड ते बंगला. सिनेमाला निदान आपण सिनेमा म्हणून बघतो. हे मात्र सल्ला म्हणून बघतो. गावातल्या एका मित्रानं असंच बघून दीड एकर चंदन लावलं. चंदनाची मुळं दुसऱ्या झाडाच्या मुळांवर जगतात, सोबत तूर-सुरू असं यजमान झाड लागतं, हे रीलमध्ये नव्हतं. गाभा भरायला बारा-पंधरा वर्षं आणि वर लागतात, हेही नव्हतं. रोपं पिवळी पडली तेव्हा त्यानं मला विचारलं, आणि मी त्याला कृषी विज्ञान केंद्रात नेलं. रीलवाला खोटारडा होता का? कोण जाणे. पण त्याचं पीक म्हणजे व्ह्यूज, आणि ते त्यानं तीस सेकंदांत काढून नेलं. मित्राची दीड एकर अजून अडकून आहे. या ग्रुपवर जे कृषी पदवीधर आणि अधिकारी आहेत त्यांना हात जोडून विनंती: अशी रील दिसली की अंगठा दाखवून पुढं जाऊ नका. खाली जाऊन विचारा, खर्चाचा आकडा कुठंय, माल घेतला कोणी, पावती दाखवा. चारचौघांत विचारा. चिडला तर चिडू द्या.

पुतण्याला मी सांगितलंय, तू तुझ्या डाळिंबाचा व्हिडिओ काढ. तेल्या आला त्या दिवशीचा पण काढ, नुसता तोडणीचा नको. तो म्हणतो, काका, बघणार कोण? मी म्हणलं, त्या पोरीच्या आईला तरी पाठवू.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी लाईट गेली. डीपीचा फ्यूज असावा, वायरमनला सकाळी फोन करतो. एकोणीस वाफे राहिलेत. पातीवर फुलकिडे दिसायला लागलेत, ज्यांनी यंदा निळे चिकट सापळे लावलेत त्यांनी अनुभव लिहा, आणि एकरी किती लावले तेही.