दोष रक्ताचा की साखरेचा?

12 ऑगस्ट 2021 हा दिवस आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात असेल. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा हिच्या उत्तरेला गुंगालिन नावाची नवी वस्ती आहे. तेथील विशीतल्या एका तरुणाला कोरोना झाल्याचे आढळले आणि त्याच संध्याकाळी पाच वाजता सारे शहर बंद करण्यात आले. सात दिवसांसाठी म्हणून झालेली ती टाळेबंदी 15 ऑक्टोबरपर्यंत लांबली. आपल्या बेटावरून गेलेली मंडळी तेथे आहेत आणि भारतातून आलेले लोक तर मोठ्या संख्येने आहेत. त्या नऊ आठवड्यांत इकडून तिकडे रोज फोन होत होते.

गुंगालिन त्या वेळी थोडक्यात बचावले. तरुण कुटुंबांची वस्ती, बऱ्या नोकऱ्या, वेगळाली घरे, आणि लस घेण्यास लोकांनी लावलेल्या रांगा. वर्ष संपण्याआधी कॅनबेरात बारा वर्षांवरील शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक लोकांचे दोन्ही डोस झाले होते. साऱ्या देशाचे चित्र मात्र इतके सुखाचे नव्हते. 2022 च्या जानेवारी अखेरपर्यंतचे मृत्यू ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी खात्याने मोजले, तेव्हा वयाचा फरक वजा करूनही परदेशात जन्मलेल्यांचा मृत्युदर तेथे जन्मलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. गरीब वस्त्या आणि श्रीमंत वस्त्या यांच्यातही तसेच तिपटीचे अंतर होते.

हे आकडे आज उकरून काढण्याचे कारण आहे. मध्यंतरी गुंगालिनहून सुट्टीवर आलेल्या एका कुटुंबात आम्ही बसलो होतो. विषय निघाला तशी घरातली वडीलधारी मावशी म्हणाली, "आपल्या लोकांच्या रक्तातच आहे ते, बाबा. काय करणार?" तिचा भाचा हसून म्हणाला, "मावशी, मी एवढा बारीक, मला कसली साखर?" बशीतली डालपुरी दोघांनीही संपवली. दोघांचेही म्हणणे आम्हास पटले नाही, म्हणून हा लेख.

मावशीच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. इंग्लंडमध्ये 2020 साली पावणेदोन कोटींच्या आसपास प्रौढांच्या दवाखान्यातील नोंदी तपासण्यात आल्या. वय, गरिबी, जुने आजार हे सर्व हिशेबात धरूनही दक्षिण आशियाई लोकांना मृत्यूचा धोका गोऱ्यांच्या सुमारे दीडपट होता. त्याच वर्षी असेही सिद्ध झाले की आजार बळावण्याशी संबंधित असा एक आनुवंशिक तुकडा निअँडरथल नावाच्या आदिमानवाकडून आपल्यापर्यंत आला आहे. दक्षिण आशियात निम्म्या लोकांत तो असतो, युरोपात शंभरांत सोळांत, आफ्रिकेत जवळजवळ नाहीच. तेव्हा रक्ताचा वाटा आहे. पण त्याच तपासणीतले पुढचे आकडे पाहा. साखर ताब्यात असलेल्या मधुमेह्याचा धोका निरोग्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने वाढलेला, तर ताब्यात नसलेल्याचा जवळजवळ दुप्पट. आणि ऐंशीच्या पुढच्या माणसाचा धोका पन्नाशीतल्या माणसाच्या वीसपटीहून अधिक. वय कोणाच्या हाती नाही, रक्तही नाही. साखर मात्र पुष्कळ अंशी हाती आहे.

शिवाय इंग्लंडच्या दुसऱ्या लाटेत भारतीय आणि बांगलादेशी यांच्या मृत्युदरांत मोठे अंतर पडले. तो तुकडा दोन्हींकडे सर्रास आढळतो. मग अंतर कशाने पडले? घरात माणसे किती, बसचालक आणि टॅक्सीचालक किती, लस कोणी घेतली, या गोष्टी दोन्हींकडे सारख्या नव्हत्या.

आपल्या बेटावरचा पुरावा तर याहून बोलका आहे आणि त्यात ऑस्ट्रेलियाचाही हात आहे. 1987 साली मॉरिशसमध्ये सुमारे 5,000 प्रौढांची साखर तपासली गेली. मेलबर्नचे प्राध्यापक पॉल झिमेट त्या कामात अग्रभागी होते. हिंदूंत शंभरी 12, मुसलमानांत 13, चिन्यांत 12, क्रिओलांत 10, अशा प्रमाणात मधुमेही निघाले. गट चार, मूळ देश वेगळाले, आणि आकडा जवळजवळ एकच! एका बेटावरच्या सर्वांनी एकाच दुकानाचा तांदूळ, मैदा आणि साखर खाल्ली, ऊसमळ्यातली अंगमेहनत सोडून खुर्चीवरची कामे धरली, आणि सर्वांना एकच दुखणे जडले. आज दर पाच प्रौढांत सुमारे एक मधुमेही आहे. 2021 च्या मार्चनंतर डायलिसिसवरील रुग्णांत कोरोना शिरला, त्यांतील अनेक दगावले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मूत्रपिंडे त्या थराला का गेली, याचे उत्तर बहुतेक घरांत साखरेपाशीच येते.

आता बारीक भाच्याकडे वळू. त्याचे उत्तर पुण्यात सापडले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉक्टर यज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील बायाबाळांचा अभ्यास केला. तेथील मुले जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधील सुमारे 3.5 किलोची. पण वजनाने लहान असूनही चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. हाडामांसाला तोटा, चरबीला नाही. पुढे 2004 साली डॉक्टर यज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉक्टर युडकिन यांनी आपला दोघांचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण इंग्रजाच्या अंगात चरबी शंभरी 9 आणि आपल्या पुणेकराच्या अंगात शंभरी 21. सदऱ्याचे माप सांगून साखर कळत नाही ती अशी. आपले पूर्वज कोकणातून आले, पुण्याच्या खेड्यांतून नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु अर्धपोटी पिढ्या आणि त्यानंतर एकाएकी आलेली सुबत्ता ही कथा दोहींकडची एकच आहे. महाराष्ट्रात 2021 च्या उन्हाळ्यात कोरोनामागोमाग काळी बुरशी आली आणि कित्येकांचे डोळे गेले. त्यांत मधुमेह्यांचाच भरणा होता.

म्हणून "रक्तातच आहे" हे वाक्य आम्हास धोक्याचे वाटते. ते म्हणणारा माणूस तपासणीला जात नाही. याच बेटावर 1987 साली सरकारने रेशनच्या तेलातील पाम तेल कमी करून सोयाबीन तेल आणले आणि पाच वर्षांत लोकांचे सरासरी कोलेस्टेरॉल 5.5 वरून 4.7 वर उतरले. रक्त तेच होते. बाटलीतले तेल बदलले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी आणीबाणी उठवली, पण रोग गेलेला नाही. सध्या दर वर्षी मे-जूनमध्ये आपल्याकडचे आजी-आजोबा नातवंडे सांभाळायला गुंगालिनला जातात. तो तेथील हिवाळा. रात्री पारा शून्याखाली उतरतो, खिडक्या बंद, हीटर चालू, एकाच खोलीत तीन पिढ्या, आणि नातू शाळेतून सर्दी घेऊन आलेला. ऐंशीचे वय, ताब्यात नसलेली साखर आणि बंद खोली या तिन्हींची गाठ तेथे पडते. मॉरिशसचा ऑस्ट्रेलियाशी वैद्यकीय उपचारांचा परस्पर करार नाही, त्यामुळे पाहुण्याला तेथील सरकारी विम्याचा लाभ मिळत नाही. पुष्कळ घरांत तिकीट मुलगा काढतो, बॅगेत लोणची आणि नान्खटाई आई भरते, आणि साखरेची गोष्ट विमा कंपनीपासून लपवली जाते. हे करू नका. निघण्यापूर्वी निदान महिनाभर आधी तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्यावी, मूत्रपिंडाची तपासणी करावी, कोरोनाची लस इथेच मिळते का ते आरोग्य केंद्रात विचारावे, आणि विम्याच्या कागदावर मधुमेह स्पष्ट लिहावा. औषधांच्या नावांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून सुनेजवळ द्यावी, कारण रात्री दोन वाजता डॉक्टरशी बोलायची वेळ तिच्यावरच येणार आहे.