मदत उताऱ्यास की नांगरास?

करोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर व्यवहार बंद झाले व दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने १ लाख ७० हजार कोटींचे साह्य जाहीर केले. त्यात ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना एप्रिलच्या आरंभीच प्रत्येकी २ हजार रुपये देण्याचे वचन होते. नौपाड्यातील पुष्कळ वाचकांची शेती शहापूर-मुरबाडकडे आहे. तेव्हा हा विषय त्यांच्या घरचाच आहे.

ती रक्कम नवी नव्हती. २०१९ साली सुरू झालेल्या किसान सन्मान निधीतून वर्षास ६ हजार रुपये तीन हप्त्यांनी मिळतात. त्यातलाच एक हप्ता आधी दिला गेला. अडचणीच्या वेळी पैसा हाती आला, याचे श्रेय सरकारास अवश्य द्यावे. परंतु देण्यास दान म्हणू नये.

आमचा मुख्य आक्षेप याहून मोठा आहे. हा पैसा मिळाला कोणास? नियमाप्रमाणे १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन ज्याच्या नावे होती त्यास. सातबाऱ्यातील सात म्हणजे मालकी, बारा म्हणजे पीक. सरकारने सात पाहिला, बारा पाहिला नाही. त्यामुळे पेढीवर बसणाऱ्या, पण मुरबाडास दोन एकर नावावर असलेल्या गृहस्थास, तो प्राप्तिकर भरत नसल्यास, हप्ता मिळू शकतो. तीच खाचरे अर्धेलीने लावणाऱ्या कुटुंबास एक पैही नाही. आम्हां वकिलांस या योजनेतून वगळले आहे. म्हणून आम्हांस द्राक्षे आंबट लागतात, असे मात्र कोणी समजू नये.

१ एप्रिल १९५७ रोजी कुळकायद्याने कसणारास मालक मानले. पुढे त्याच कायद्याच्या भयाने जमिनी तोंडी बोलीवर जाऊ लागल्या. कूळ राहिले, कुळाचा कागद गेला.

कागदाशिवाय कसणारा ओळखावा कसा, असे कोणी विचारील. पण कागद पाहून तरी काय साधले? माहितीच्या अधिकारात खुद्द कृषिखात्याने दिलेल्या उत्तराप्रमाणे जुलै २०२० पर्यंत २० लाख ४८ हजार अपात्र व्यक्तींस १,३६४ कोटी रुपये गेले; त्यांतले निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे होते. उलटपक्षी, ओडिशा सरकारने २०१८ च्या अखेरीस जाहीर केलेल्या कालिया योजनेत कुळांस व भूमिहीनांसही स्थान होते. १८९६-९७ च्या दुष्काळात परकी सरकारसुद्धा खडी फोडावयास आलेल्याकडे जमिनीचा उतारा मागत नसे. स्वराज्यात तो मागावा, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

उपाय कठीण नाही. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. तिच्यात प्रत्यक्ष कसणाराचे नाव ग्रामसभेत वाचून नोंदवावे. त्या नोंदीने मालकीस बाध येणार नाही, असे कायद्यानेच सांगावे, म्हणजे मालकाचे भय जाईल. आणि संकटकाळचे साह्य त्या नावाने द्यावे.

हे होईल तेव्हा होवो. ज्या वाचकांच्या खात्यात असे हप्ते येतात, त्यांस आमची एवढीच विनंती आहे : ते नांगर धरणाराच्या हाती ठेवण्यास आजही कोणत्याच कायद्याची आडकाठी नाही.