पऱ्हाटीचा धूर आणि परदेशी लगदा

आपल्या खिशातील नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो. त्याच कापसाची पऱ्हाटी मात्र वेचणी संपताच जालना जिल्ह्यात बांधाबांधावर पेटविली जाते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने घातलेला घाला शेतकरी विसरलेला नाही. शेत वेळेवर मोकळे करणे त्याला भागच आहे. पण एकीकडे हा धूर आणि दुसरीकडे परदेशातून विकत आणलेला लगदा व रद्दी, हा व्यवहार कोणत्या शहाणपणात बसतो?

लाकडाचा लगदा ही एकोणिसाव्या शतकातील गोष्ट. त्यापूर्वी कागद चिंध्यांचा, सालींचा, तागाचा होत असे. देवगिरीहून खुलताबादकडे जाताना लागणाऱ्या कागजीपुऱ्यात तो शतकानुशतके हाताने घडला. गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली पुण्यात उभ्या राहिलेल्या हातकागद संस्थेनेही कापसाच्या चिंध्यांवरच भिस्त ठेवली.

पऱ्हाटीच्या सालीत लांब तंतू असतात, आतला गाभा लाकडासारखा असतो. तिच्यापासून लगदा आणि दाबफळ्या होतात, हे मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने केव्हाच दाखविले आहे. अडते ते गोळा करण्यापाशी. तामिळनाडूत करूरजवळचा सरकारी कारखाना १९८४ पासून उसाच्या चिपाडाचा कागद काढतो. पण चिपाड साखर कारखान्याच्या आवारात आयते साचते. पऱ्हाटी शेतोशेत विखुरलेली. ट्रॉली शिगोशीग भरावी आणि काट्यावर वजन जेमतेम यावे! उपटण्याची मजुरीही सुटत नसेल, तर काडी ओढणेच स्वस्त पडते. शेतकऱ्याला दोष देणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

म्हणून जालन्यात कागद कारखाना काढा, असे आम्ही म्हणणार नाही. लगद्याला पाणी अमाप लागते, आणि त्यातून निघणारे काळे पाणी ओढ्यात सोडणाऱ्या छोट्या कारखान्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यांनी मोसंबीच्या बागा वाळताना पाहिल्या, त्यांच्यावर हा भार नको. येथे व्हावे ते पऱ्हाटीचे तुकडे करून गठ्ठे बांधण्याचे काम. लगदा पाणी असेल तेथे शिजो. जिनिंगचा हंगाम ओसरतो तेव्हाच पऱ्हाटी निघते. काटा, आवार, मजूर तेथे आहेतच. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी गिरणीमालकांशी आणि कागद कारखान्यांशी करार करावा, आणि पऱ्हाटीचा दर कापूस लावण्यापूर्वीच गावोगावी कळवावा.