एक खडू आणि चार फरश्या

दिवाळीच्या सुट्टीचे पहिले दोन-तीन दिवस किल्ला, माती आणि मावळे यांत कसे निघून जातात ते कळतही नाही. पुढे किल्ल्यावर पेरलेले अळीव उगवण्याची वाट पाहण्यापलीकडे काही काम उरत नाही आणि मग "आई, आता काय करू?" हे पालुपद सुरू होते. चकलीचा सोऱ्या हातात असताना या प्रश्नाला बरेसे उत्तर कुणालाच सुचत नाही. म्हणून हल्ली पुष्कळ घरांत उत्तराऐवजी मोबाइलच हाती दिला जातो. त्याऐवजी एकदा खडूची पेटी देऊन पाहा आणि मुलांना खाली पाठवा.

खाली म्हणजे कुठे, असे तुम्ही विचाराल, आणि ते रास्तच आहे. अंगणे केव्हाच गेली. सोसायटीच्या आवारात मोटारी उभ्या असतात आणि दिवाळीत तर त्या घराबाहेरही पडत नाहीत. पण जिन्यासमोरची चार फरशांची जागा किंवा कठडा उंच असलेली गच्ची बहुतेक इमारतींत असते. गच्चीवर मात्र एखादे मोठे माणूस बरोबर हवेच. आणि जिथून गाड्या जातात ती जागा, मग ती कितीही गुळगुळीत असो, नको म्हणजे नकोच.

राहता राहिली सोसायटीची कमिटी! एका इमारतीत 'आवारात रेघोट्या मारू नयेत' अशी पाटी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. त्याच आवारात पानाच्या पिचकाऱ्यांविषयी एक अक्षर नव्हते, हे सोडून देऊ. वस्तुतः शाळेतला पांढरा खडू हा बहुतांशी जिप्समचा असतो. बादलीभर पाणी आणि खराट्याचे चार हात मारले की त्याचा मागमूस राहत नाही. रंगीत खडूचे तसे नाही. खरबरीत किंवा सच्छिद्र फरशीत त्याचा रंग थोडा मुरू शकतो. म्हणून आधी कोपऱ्यात एक रेघ ओढून, ती धुऊन पाहावी. परवानगी काढायला मात्र मुलांनाच पाठवा. "काका, आम्हीच धुऊन ठेवू" असे तीन चिमुरडी तोंडे एकदम म्हणाली, तर नाही म्हणणारा सेक्रेटरी विरळाच. आणि सांगितल्याप्रमाणे आवार धुणे ही मग त्यांची जबाबदारी.

"आमच्याकडे रांगोळी असतेच की," असे कुणी म्हणेल. असते, आणि ती असावीच. पण चिमटीतून सारखी धार सोडणे सहा वर्षांच्या बोटांना जमत नाही. ठिपके चुकले की ताई ओरडते आणि पाय लागला की सगळेच ओरडतात. खडूचे असे काही नाही. चुकले तर ओल्या फडक्याने पुसावे. शिवाय पाटीवर एक-एक आकडे मांडून दसऱ्याची सरस्वती काढताना फक्त मनगट हलते. फरशीवर सगळा हात, खांदा, प्रसंगी सगळे पोरच हलते.

पहिल्याच दिवशी आठ फुटांचे वर्तुळ काढायला सांगा. चार फूट सुतळी घ्यावी. एकाने तिचे टोक मधोमध दाबून बसावे, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला खडू बांधून, सुतळी ताणून धरत फेरी मारावी. वर्तुळ पुरे झाले की खरी गंमत. तीच सुतळी वर्तुळाच्या रेघेवरच्या एका बिंदूपासून सरळ ताणावी आणि जिथे ती रेघेला पुन्हा टेकेल तिथे खूण करावी. मग त्या खुणेपासून पुढची. सहावी खूण नेमकी पहिल्या बिंदूवर येते! न आली तर सुतळी सैल होती असे समजावे. या सहा खुणांवर पाळीपाळीने बसून वर्तुळाच्या आतल्या आत कमानी काढल्या की सहा पाकळ्यांचे प्रचंड फूल उमलते. भूमितीच्या तासाला कंपास धरून जे कंटाळवाणे वाटते, ते इथे गुडघे पांढरे करून शिकण्यात काही निराळीच मजा आहे.

दुसरा खेळ सावलीचा. त्याला मात्र दिवसभर ऊन लागणारी जागा हवी. सकाळी आठ वाजता मुलाला एका जागी उभे करून पावलांभोवती रेघ मारावी आणि सावलीची बाह्याकृती काढून वेळ लिहावी. मग दर दोन तासांनी त्याच पावलांत उभे राहायचे. सावली सर्वांत आखूड केव्हा होते? मुले म्हणतील, बारा वाजता. पण मुंबई-पुण्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती वेळ बारा-वीसच्या सुमारास येते, आणि फेब्रुवारीच्या मध्यास तर पाऊण वाजून गेल्यावर! आपले घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर चालते आणि आपण त्याच्या पुष्कळ पश्चिमेला. त्यात पृथ्वीच्या फिरण्यातला कमीजास्तपणा मिळतो. चार फूट उंचीच्या मुलाची तेव्हाची सावली पावणेतीन फुटांच्या आसपास भरेल आणि ती नेमकी उत्तर दिशा दाखवील. मेच्या मध्यास याच जागी उभे राहिले तर दुपारी ती पायाखाली नाहीशी होते. तेवढ्यासाठी मे महिन्यातही एक खडू राखून ठेवावा.

ओला खडू गडद उमटतो, तांब्याभर पाणी सांडून त्या थारोळ्याची कड दर दहा मिनिटांनी आखली की ते आटत कसे गेले ते दिसते, हे तर मुले आपली आपणच शोधतील. ठिकरीचे चौकोन आखायलाही त्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

पण एक गोष्ट जरूर सांगून पाहा: घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढ. मोठ्यांच्या रस्त्यात बँक, सिग्नल आणि पेट्रोल पंप असतात. मुलांच्या रस्त्यात कुत्रे झोपते ती पायरी, बोरे विकणाऱ्या बाई आणि मोडके झाकण असलेले गटार असते. क्वचित त्यात एखादे वळण असे निघते की जिथे पोराने खडू दाबून काळजीपूर्वक फुली मारलेली असते. विचारले की कळते, तिथे मोठी मुले डबा हिसकावून घेतात. घरी जेवताना दहादा विचारूनही जे बाहेर आले नसते ते फरशीवर आपसूक उतरते. तेव्हा चित्र पाहायला जरूर जा. पण "हे घर वाकडे झाले" म्हणत खडू आपल्या हातात घेऊ नका. बाबा मंडळींना हे विशेष सांगावे लागते. एकदा का ते मांडी ठोकून बसले, की पोर बाजूला आणि यांचे ताजमहाल सुरू!

आणि हो, हा सगळा उद्योग जुन्या कपड्यांत, फराळापूर्वी हात स्वच्छ धुऊन. नाहीतर भाऊबिजेला आलेल्या आत्याबाई नव्या पैठणीवर गुलाबी खडूचे दोन पंजे घेऊन परत जातील.