गोधडीचे मोल

जुन्या वस्त्रांना नवे रूप देण्याची कला महानगरांतील फॅशनविश्व आज 'शाश्वत' म्हणून मिरवीत आहे. बुलढाणा जिल्ह्यातील कष्टकरी स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आल्या. विरलेली लुगडी, फाटकी धोतरे एकावर एक रचून, शेजारणींच्या मदतीने धावदोरा घालीत त्यांनी गोधड्या शिवल्या. हौसेपोटी नव्हे, टंचाईपोटी. खामगावचा कापूस १८७० पासून रेल्वेने बाहेर गेला. पिकविणाऱ्याच्या अंगावर मात्र ठिगळेच राहिली. आता गोधडी शहरी दुकानांत शोभेची वस्तू झाली आहे. नफा दलालाचा आणि तुटपुंजी मजुरी बाईची, हा जुनाच अन्याय नव्या नावाने चालू देता कामा नये. शिवणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्था उभारून किंमत ठरविण्याचा अधिकार त्यांच्या हाती आणणे, हे कार्यकर्त्यांचे कर्तव्य होय.